बरं नाही, निघून या

माझी एक चूक सोडली तर दादाच्या बूथवर बारा-तेरा वर्षांत एकही माणूस मेला नाही. सगळे फक्त आजारी पडले. कुणाला बरं नव्हतं, कुणाला दवाखान्यात ठेवलं होतं, कुणी फार आठवण काढत होतं. मेल्याची बातमी फोनवर सांगायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. दादाने तो बूथचा कायदाच करून टाकला होता.

बूथ म्हणजे शिरूरच्या एसटी स्टँडसमोरची एवढीशी पिवळी खोली. वर काळ्या अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ. आत काचेची केबिन, तिच्यात घरघरणारा छोटा पंखा, आणि बाहेर लाकडी खुर्चीवर माझा थोरला भाऊ. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा पाय गेला. अपंगांना बूथ मिळतो असं कुठूनतरी कळल्यावर त्याने एकट्याने पुण्याच्या फेऱ्या मारल्या, कुबडी घेऊन सरकारी जिने चढला-उतरला आणि कागद घेऊनच घरी आला. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. आमच्या वस्तीत तोवर एकाच्याही घरी फोन नव्हता. दादा फोनवाला झाला आणि बघता बघता आम्ही फोनवाल्याच्या घरचे झालो.

निम्म्या शिरूरच्या व्हिजिटिंग कार्डांवर आमचा नंबर होता. बोअरवाला, मंडपवाला, ट्रॅक्टरच्या पंपाचं काम करणारा, सगळे नंबरापुढे 'पी.पी.' असं छापायचे. म्हणजे फोन दुसऱ्याचा आहे, पण निरोप पोचेल. लग्नपत्रिकांवरही आमचाच नंबर. दादा निरोप चिठ्ठीवर लिहून खिळ्याला टोचून ठेवायचा, आणि निकडीचा असेल तर मी सायकल मारत पोचवून यायचे. मी तेव्हा कॉलेजात होते, निदान हजेरीपुरती तरी. रांजणगावला कंपन्या उभ्या राहत होत्या. कुणाचा इंटरव्ह्यूचा फोन, कुणाचं मालाचं भाडं, कुणाला मार्केट यार्डातला कांद्याचा भाव. बिहारकडची पोरं केबिनमध्ये शिरून "अम्मा, हम ठीक हैं" असं इतक्या जोरात ओरडायची की फोनशिवायही तिकडे ऐकू जावं. दादा बाहेरून काचेवर टकटक करायचा. "अरे भैया, वायर है बीच में, चिल्लाव मत."

त्या खुर्चीत बसलेला दादा मला फार आवडायचा. रस्त्यावर लोक त्याच्या पायाकडे बघायचे. बूथवर त्याच्या तोंडाकडे बघायचे.

वाईट बातमी कशी द्यायची हे मी त्याच्याकडून शिकले, आणि तेही एकदा माती खाऊन. इनामगावचा एक माणूस कंपनीत वॉचमन होता. ड्यूटी संपली की आमच्या समोरच उतरायचा. एका दुपारी दादा जेवायला घरी गेला असताना बार्शीहून त्याच्या बहिणीच्या घरचा फोन आला. तिच्याकडे राहणारे त्याचे वडील गेले होते. मी चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि तो उतरल्या उतरल्या त्याला गाठून सांगितलं, "तुमचे वडील वारले. बार्शीहून फोन होता." मला वाटलं, निरोप म्हणजे निरोप, जसा आला तसा द्यावा. तो माणूस तिथेच पायरीवर बसला. उठेना, बोलेना, पाणी घेईना. बार्शीकडची गाडी लागली, भरली आणि त्याच्या देखत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

दादाला कळल्यावर तो माझ्यावर असा भडकला की मी त्याचा तो चेहरा कधी पाहिला नव्हता. "तायडे, त्याला गाडीत बसवणं हे आपलं काम हुतं. रडायला त्याची माणसं हायत की तिकडं. तू त्याला हितंच पाडलंस."

तिसऱ्या दिवशी मला खुर्चीशेजारी बसवून शिकवलं. "आधी माणसाला बसवायचं. मग पाणी द्यायचं. मग म्हणायचं, बरं न्हाई, निघून या. बास. त्यो इचारंल, शुद्धीवर हायत का? व्हय म्हणायचं. गाडीत चढस्तवर माणसाच्या अंगात बळ लागतं, आन् बळ कशानं येतं? अजून गाठ पडंल ह्यानं."

त्यानंतर मी कधीही चुकले नाही. गंमत म्हणजे ऐकणाऱ्यालाही बहुतेक वेळा कळलेलं असायचं. 'बरं न्हाई, निघून या' म्हटलं की माणूस क्षणभर माझ्याकडे बघायचा, मान हलवायचा आणि पिशवी उचलायचा. पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. कधी चार-सहा महिन्यांत एखादा माणूस पेढे घेऊन यायचा. "आई सुधारली बरं का, खरंच आजारी हुती." असे पेढे मी दोन-तीनदाच खाल्ले असतील. माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते बाकीच्यांचं.

मला दौंडला दिली. नवरा रेल्वेत, शिफ्टची ड्यूटी, सासू-सासरे गावी. घरात बसून भिंती बघायचा माझा स्वभाव नाही. स्टेशनजवळ एका शेठने मोबाइलचं दुकान काढलं तेव्हा मी जाऊन विचारलं, आणि बूथवर वाढलेली बाई म्हणून त्याने दुसऱ्या दिवसापासून या म्हटलं. काउंटरमागे बाई बघून बायका बिनधास्त आत यायच्या. चार्जर कुठल्या बाजूने घालायचा इथपासून विचारायच्या.

सुरुवातीला मोबाइल म्हणजे पुढाऱ्यांचं आणि व्यापाऱ्यांचं काम. वीटभर फोन पट्ट्याला लटकवून हिंडायचे. तेव्हा आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे, म्हणून हे बडे लोक नुसता नंबर बघून कट करायचे आणि धावत जवळच्या बूथवर जाऊन परत फोन लावायचे. दादाचा धंदा उलट वाढला. मी माहेरी गेले की तो मला चिडवायचा. "तुझी गिऱ्हाइकं फोन इकत घेत्यात तुझ्याकडं, आन् बोलाय येत्यात माझ्याकडं."

मीही काही कमी नव्हते. "हस, हस. दोन वर्षांनी बघू कोण हसतंय."

दोन वर्षं लागली नाहीत. आलेल्या फोनचे पैसे बंद झाले. कार्ड घासून रिचार्ज करायची सोय आली, हप्त्यावर फोन आले. गवंडी, दूधवाले, ऊसतोडीचे मुकादम, सगळ्यांच्या शर्टाच्या खिशातून फोन डोकं काढायला लागले. ज्याच्या कार्डावर पूर्वी 'पी.पी.' होतं त्याने ते खोडून स्वतःचा दहा आकडी नंबर पेनाने लिहिला. धंदेवाल्यांना तर जादूच वाटली. खुटबावचा एक भाजीवाला मला म्हणाला होता, "ताई, पह्यलं माल घिऊन जायाचो आन् भाव कळायचा. आता भाव कळतो आन् मग माल काढतो." मी ते वाक्य प्रत्येक शेतकरी गिऱ्हाइकाला ऐकवायचे. विकायची कला मला चांगली जमली होती, आणि त्याचा मला माज होता.

शेठने आठवडी बाजारांत छत्री लावून सिमकार्डं विकायचं ठरवलं. पाटस, केडगाव, न्हावरा, आणि मग शिरूर. शिरूरची जागा मीच सुचवली, एसटी स्टँडसमोर. तिथे गर्दी कशी असते हे माझ्याइतकं कुणाला माहीत? छत्री उभी राहिली, मागे फलक लागला, आणि समोर बघते तर रस्त्यापलीकडे दादा खुर्चीत. मला खरंच तोवर सुचलं नव्हतं की मी त्याच्या तोंडासमोर उभी राहणार आहे. किंवा सुचलं होतं आणि मी ते बाजूला सारलं होतं. त्याने हात केला. थोड्या वेळाने चहावाल्याच्या हाती चहा पाठवला आणि त्याची ती लाकडी खुर्चीही पाठवली. निरोप होता, "दिवसभर हुबी ऱ्हाऊ नगं." त्या दिवशी मी दादाच्या खुर्चीत बसून दादाचीच गिऱ्हाइकं नेली. तो केबिनच्या काचेला टेकून स्टुलावर बसला होता.

त्यानंतर बूथ वर्षभर कसाबसा चालला. पानटपऱ्यांवर लाल डबे लटकले, एक रुपयाचं नाणं टाका आणि बोला, त्यांनी उरलेसुरले लोकही नेले. मी दर सणाला जाऊन तेच तुणतुणं वाजवायचे. "दादा, बंद कर हे आता. रिचार्जचं दुकान टाक. मी मिळवून देते सगळं."

एकदा तो म्हणाला, "फोन ज्याच्या त्याच्या खिशात गेला, चांगलंच झालं. पर मधला माणूस गेला बघ. आता वाईट बातमी थेट कानात पडती. बसवायला कुणी न्हाई, पाणी द्यायला कुणी न्हाई."

मी हसले. "तुझं आपलं काहीतरीच. लोकांना बातमी लवकर पायजे का पाणी पायजे?"

त्या शिमग्याला त्याने बूथ बंद केला. टेलिफोन खात्याचं यंत्र परत केलं, पाटी घरामागे ठेवली. मी त्याला नवा फोन नेऊन दिला, माझ्या पगारातून. माझा नंबर मीच त्यात घालून दिला. त्याला घालून देण्याची तशी गरज नव्हती. शेकडो नंबर त्याला तोंडपाठ होते, आणि फोनचं ते नावांचं पुस्तक त्याने कधी उघडलंही नाही. बटणं दाबून नंबर लावायचा, अगदी बूथवर लावायचा तसा, ओठ हलवत.

दादा पहिल्यासारखा राहिला नाही. दिवसभर घरात. वहिनी म्हणायची, फोन आला की खूष होतात, आणि फोन कुणाचा येतो, तर तुमचाच. मी रोज दुपारी दुकानातून त्याला लावायचे. दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला तोच म्हणायचा, "ठिव, गिऱ्हाईक खोळंबलं असंल."

तो दिवस मंगळवार होता. दुकानात मी एका मास्तरांना रंगीत पडद्याचा, कॅमेऱ्याचा फोन दाखवत होते. त्यांचाच फोटो काढून त्यांनाच दाखवला होता आणि ते लाजून हसत होते. तेवढ्यात शिरूरच्या मामांचा फोन आला. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, आमच्या शेजारीच राहायचे.

"दादाला बरं न्हाई गं. दवाखान्यात ठिवलंय. निघून ये."

मी विचारलं, "शुद्धीवर हाय का?"

"हाय, हाय. तू ये फक्त."

मी फोन ठेवला. पुढचा प्रश्न मी विचारला नाही. आमच्यात कुणी विचारत नाही. मास्तरांच्या हातातला फोन मी हळूच काढून घेतला, खोक्यात ठेवला आणि शेठला म्हणाले, "माझा दादा गेला."

मामांनी काय सांगितलं होतं? दादाला बरं नाही, दवाखान्यात आहे, शुद्धीवर आहे, तू ये. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण मी ते वाक्य वर्षानुवर्षं माझ्या तोंडाने लोकांना सांगितलं होतं, आणि माझ्या लेखी त्याला एकच अर्थ उरला होता. मला ते दोन-तीन पेढे आठवायला हवे होते. आठवले नाहीत.

घरी गेले. नवऱ्याला रेल्वे यार्डातून बोलावून घेतलं. ट्रंकेतून पांढरं पातळ काढून नेसले. आमच्या बौद्धांत मातीला पांढरं नेसूनच जातात. मग खाटेच्या कडेला बसून फोनमधली नावं एकेक काढली आणि लावत सुटले. पिंपरीचा चुलतभाऊ, दोन्ही आत्या, बारामतीची मामेबहीण, दादाचे जुने मित्र. "दादा गेला. शिरूरला निघा." कुणालाही बसवलं नाही, कुणालाही पाणी विचारलं नाही. अर्ध्या तासात सगळ्या गोतावळ्यात बातमी. बूथ असता तर ह्याच कामाला अख्खा दिवस लागला असता, आणि मधे कुणीतरी एकजण तरी म्हणाला असता, थांब, आधी खात्री कर. एवढ्या रडण्यातही माझ्या मनात येऊन गेलं की बघ दादा, किती लवकर कळवलं सगळ्यांना.

शेजाऱ्यांची जीप ठरवली. चौफुल्यावरून उजवीकडे न्हावऱ्याचा रस्ता लागतो, तिथून भीमेचा पूल आणि पुढे सरळ शिरूर. नवरा म्हणाला, "सरळ जाऊ. मावशीला कुणीतरी मागनं आणंल."

मी म्हणाले, "नाही. खुटबावला जाऊ. तिला घेतल्याशिवाय मी जायची नाही."

मावशीने दादाला पोलिओत वाढवला होता. वर्षभर खुटबावच्या तिच्या घरी ठेवून, रोज तेल लावून, उन्हात बसवून. तिला दादाचं तोंड बघायला मिळालंच पाहिजे असं मला वाटलं. आणि घाई कशाची होती? घाई जिवंत माणसासाठी करतात. आम्ही न्हावऱ्याचा फाटा सोडून पुढे गेलो. मावशी कांद्याच्या रानात होती. तिला बोलावून आणलं, तिने अंगावर पाणी घेतलं, पातळ बदललं, म्हशी कुणाच्या भरवशावर सोडायच्या ह्यात वेळ गेला. मी कुणालाही चल, उरक असं म्हणाले नाही. ओट्यावर बसून नुसती रडत होते. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

तिथे असताना फोन वाजला. पडद्यावर 'दादा'.

ती दोन अक्षरं मला बघवेनात. वाटलं, त्याच्या फोनवरून आता वहिनीचा भाऊ करत असेल, नाहीतर वस्तीतला कुणी. किती जण येताय, किती वाजता नेऊ या, असलं काहीतरी विचारायला. मेलेल्या माणसाच्या फोनवरून लोक बोलतात कसे, असा मला संतापही आला. मी लाल बटण दाबलं. परत वाजला. परत दाबलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा नवरा म्हणाला, "अगं उचल की."

"न्हाई उचलायचा मला."

लाल बटण दाबून फोन मुका केला आणि पिशवीत तळाशी टाकला.

शिरूरला दवाखान्यासमोर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. पायऱ्यांवर मामा उभे होते, आत बाकावर वहिनी. मी पळत जाऊन तिला मिठी मारली. तिने मला थोडं लांब धरलं आणि वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं? आत्ता अर्ध्या घंट्यामागं तर गेले."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. माझ्या अंगावरचं पांढरं पातळ मला जाळायला लागलं. मामा मागून आले आणि रडत रडत म्हणाले, "म्या खरं सांगितलं हुतं की गं तुला. शुद्धीवर हाय म्हणलो हुतो." मावशी खाली बसली. ती म्हणत होती, मला कशाला आणाय आलात, सरळ यायचं हुतं. ती माझ्यावर रागवत नव्हती, आणि तेच मला सोसवलं नाही.

दादाच्या छातीत सकाळी कळ आली होती. डॉक्टरांनी पुण्याला हलवायची तयारी चालवली होती. दुपारभर तो बोलत होता. दौंडहून सरळ आले असते तर गाठ पडली असती. हे कुणी मला तोंडावर बोललं नाही. मीच मनात दर वेळी चौफुल्यावर उजवीकडे वळते आणि दर वेळी वेळेत पोचते.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. मी राहिले होते. दुपारची वेळ होती, वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक सांगू का वन्सं? त्या दिवशी पिंपरीच्या भाऊजींचा फोन आलेला, ह्यांच्याच फोनवर. फोन ह्यांच्या उशाला. ह्यांनीच उचलला."

पिंपरीच्या भावाला मीच कळवलं होतं.

"भाऊजींनी आवाज वळखला न्हाई. म्हणाले, दादाची माती कवा हाय? हे म्हणाले, मीच बोलतोय, अजून टाइम हाय."

वहिनी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मग असे हसले, असे हसले की खोकलाच लागला. नर्स वरडाय लागली. म्हणाले, ह्यो तायडीचा उद्योग. म्या शिकवल्यालं सगळं ध्यानात ठिवलंय बघ पोरीनं. मग म्हणाले, थांब, तिला सांगतो मी हाय म्हणून. रडत बसली असंल कुठंतरी."

मी सुपातले खडे उगाच इकडून तिकडे केले.

"तीनदा लावला त्यांनी," वहिनी म्हणाली. "बटणं दाबायचे आन् कानाला लावायचे. तिसऱ्या टायमाला फोन छातीवर ठिवला आन् मला म्हणाले, गाडीत असंल ती. रेंज नसंल तिला."

फोन नुसता वाजून वाजून थांबला, रेंज नाही म्हणून लागला नाही, की पलीकडच्या माणसाने तोडला, हे दादाला आवाजावरून कळायचं. उभं आयुष्य त्याने त्या आवाजांवर काढलं होतं. केबिनमधल्या गिऱ्हाइकाला तो बाहेर बसून सांगायचा, "उचलायचा न्हाई त्यांना, उगं लावू नगा."

वहिनी माझ्याकडे बघत होती. "नव्हती ना वो रेंज?"

"नव्हती," मी म्हणाले. "खुटबावला रेंजच नव्हती."